ओली पायरी

"आणि ते घरी चल म्हणाले, तर?"

केवळगिरी महाराज परडीतला बेल निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू काय सांगायचं ठरवलंयस?"

"सांगेन, आबा, मला आता घर नाही. पुन्हा उंबरा चढू नकोस असं तुम्हीच म्हणाला होतात. मी चढलो नाही." अच्युतनं त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना, महाराज?"

"पाठ चांगलं झालंय."

अच्युतला ते लागलं.

गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे, आणि बेटावर काळ्या दगडाचं महादेवाचं जुनं देऊळ. दर पुराला पाणी भिंतींना लागतं. त्या पाण्यानं दगडी हत्तींच्या सोंडा पार गुळगुळीत करून टाकल्या आहेत. गाभारा जमिनीखाली. अंधाऱ्या, निसरड्या पायऱ्या उतरून जावं लागतं.

अच्युत इथे आला तेव्हा तो दामोदर होता. "गोसावी व्हायचंय? खुशाल हो. पण या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस," असं आबा, त्याचे वडील, म्हणाले होते. तेवढे शब्द घेऊन तो निघाला, आणि इतकी वर्षं त्यानं ते जपले. आता काठावरच्या गावांतली माणसं त्याच्या पाया पडत. तो डोळे मिटून हात उंचावी. त्याला ते शोभतं, असं लोक म्हणत. त्यालाही तसंच वाटे.

काल होडीवाल्याबरोबर थोरल्या बहिणीचा, इंदूताईचा निरोप आला होता. आबांना महादेवाचं दर्शन घ्यायचंय, उद्या त्यांना घेऊन येते. बाकी काही नाही.

दुपार कलताना होडी लागली.

अच्युत देवळाच्या दारात ताठ उभा राहिला. इंदूताईचा हात धरून आबा चढ चढत होते. वाळले होते. धोतराचा सोगा कुणीतरी दुसऱ्यानं खोचून दिल्यासारखा होता.

ते समोर आले. अच्युतकडे पाहिलं. मग वाकले, आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

सवयीनं अच्युतचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"ताई…"

"आबा आता कुणाला ओळखत नाहीत, दामू," इंदूताई हळूच म्हणाली. "मलाही कधी बाई म्हणतात, कधी आई. निरोपात कसं सांगू?"

आबा उठले. हात जोडूनच म्हणाले, "महाराज, एक मागणं होतं."

"…बोला."

"आमचा दामू घरातून गेलाय. मीच बोललो त्याला. तो तापट, मी त्याहून तापट. तुम्ही साधू माणसं, गावोगाव फिरता. कुठं भेटला तर सांगा, तुझी सायकल विकली नाही म्हणावं. तेलपाणी करून ठेवलीय."

इंदूताईनं पदर तोंडाला लावला.

अच्युत वळला आणि सभामंडपात महाराजांपुढे जाऊन उभा राहिला.

"महाराज, ते माझ्या पाया पडले."

"हं."

"मी त्यांना सांगू का? मीच तो, म्हणून?"

महाराजांनी निवडलेला बेल त्याच्या ओंजळीत घातला.

"त्यांचं दर्शन झालं?"

"नाही. त्यांना पायऱ्या उतरवणार नाहीत."

"मग तू उतरव."

अच्युतनं बेल आबांच्या हातात दिला, आपला खांदा त्यांच्या काखेत घातला आणि पायरीवर पाऊल टाकलं. आबांचं वजन काहीच नव्हतं. त्यांच्या सदऱ्याला कापराच्या गोळ्यांचा वास होता. खाली उतरता उतरता उजेड सरला. समईची एक वात तेवढी दिसत होती. भिंतीतून पाणी झिरपत होतं.

अच्युतचा पाय किंचित सरकला.

आबांचा हात चटकन त्याच्या दंडावर आवळला.

"दामू, बघून रे. पायरी ओली आहे."

अच्युत जागच्या जागी थांबला. आबाही थांबले. मग त्यांनीच त्याला सावकाश, एकेका पायरीवर उभं करत, खाली नेलं.

पिंडीवर बेल वाहिला. दोघांचेही हात ओले झाले.

वर आल्यावर उन्हानं आबांचे डोळे दिपले. त्यांनी अच्युतकडे नीट निरखून पाहिलं आणि हात जोडले.

"मोठे उपकार झाले, महाराज."

इंदूताईनं त्यांना पारावर बसवलं, पाणी दिलं. होडीवाल्यानं काठावरून हाक घातली: ऊन उतरलं की निघू.

अच्युत पुन्हा महाराजांजवळ आला. या वेळी तो उभा राहिला नाही. खालीच बसला.

"आत त्यांनी मला नावानं हाक मारली… बाहेर आलो, आणि पुन्हा मला महाराज म्हणाले. यातलं खरं काय धरू?"

केवळगिरी महाराजांनी पाराकडे पाहिलं. आबा मन लावून आपल्या ओल्या तळव्याकडे बघत होते.

"होडी सुटायला अवकाश आहे," महाराज म्हणाले. "त्यांना पुन्हा एकदा आत घेऊन जा."