टकल्याच्या लेकी आणि राजाचं चित्र

"अशी शेळी दरबारात हजर करा. नाही जमलं तर राज्यातला एकेक बोकड मुदपाकखान्यात पाठवा," असं फर्मावून उंबरगडच्या राजा वीरकेतूने चित्राकडे बोट दाखवलं.

चित्र बैलगाडीत उभं केलं होतं, कारण कुठल्या भिंतीवर ते मावेना. त्यात एक शेळी होती. निदान प्रधानांचं तसं म्हणणं होतं. पाय उंटाचे, कास म्हशीची, धड बैलाचं आणि तोंड उंदराएवढं.

दोष तसा कुणाचाच नव्हता. राज्यातल्या शेळ्यांची जात सुधारावी असं राजाच्या मनात आलं. कुणीतरी सुचवलं की आधी पाळणाऱ्यांना विचारा, त्यांना कशी शेळी हवी. म्हणून प्रधान अनंतदेव गावोगाव हिंडले आणि जो जे मागेल ते चित्रकाराला सांगत गेले. रानोमाळ फिरणारे धनगर म्हणाले, लांब चालणारी हवी. लेकुरवाळ्या म्हणाल्या, ऐन उन्हाळ्यात दूध देणारी. खाटीक म्हणाला, वजनदार. ज्याच्या शेताला कुंपण नव्हतं तो म्हणाला, कमी खाणारी, म्हणून तोंड तेवढं. एक म्हातारा म्हणाला, लांडग्याला चाहूल लागू नये अशी मुकी. त्याची बायको म्हणाली, झुडपात हरवली तर सापडावी अशी ओरडणारी. चित्रकाराने शेळीचं तोंड अर्धं उघडं काढलं आणि तो आजारी पडला.

राजाला मात्र चित्र फार आवडलं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत अशी शेळी आली नाही, तर गावठी बोकड सगळे कापायचे आणि राज्यभरच्या शेळ्यांना नवरा एकच: राजाचा लाडका बोकड मदन. मदन शाल पांघरायचा, भिजवलेले बदाम खायचा आणि पालखीतून हिंडायचा. एवढ्या शेळ्या त्याला कशा झेपणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

माळवाडीच्या म्हाळसाला ही बातमी कळली तेव्हा ती आपल्या तान्ह्याला शेळीचं दूध पाजत होती. तिला स्वतःला दूध कमी. पोर जगलं होतं ते टकल्याच्या लेकींवर. टकल्या म्हणजे तिच्या कळपातला बोकड. एक कान फाटलेला, एक शिंग मोडलेलं आणि डोक्यावर केसच नाहीत. अंधारात पाहुण्याने खुंट समजून त्याच्यावर धोतर वाळत घालावं, असा अवतार. टकल्या गेला की शेळ्या गाभण राहणार नाहीत, आणि शेळ्या व्याल्या नाहीत की बाळाच्या तोंडी दूध नाही.

"आत्या, मी दरबारात जाते," ती सासूला म्हणाली.

"जा की. राजा तुझीच वाट बघत बसलाय."

"शेळी घेऊन जाते."

"चित्रातली? ती तुला कुठं गावली गं?"

"आपल्याच वाड्यात हाय."

सासूने शेळ्यांच्या वाड्यात डोकावून पाहिलं, मग सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

बाजाराच्या दिवशी म्हाळसा दरबारात शिरली. कडेवर बाळ, हातात दोरी, दोरीला टकल्या आणि मागून अख्खा कळप. (तान्हं पोर घेऊन दरबारात जाऊ नये हे मलाही कळतं, पण त्याला दूध देणाऱ्या शेळ्याच सगळ्या निघाल्या, तर त्याला घरी ठेवणार कसं?)

मदनाने एवढ्या शेळ्या एकदम पाहिल्या आणि तो सिंहासनामागे जाऊन बसला.

"हे काय आहे?" राजाने टकल्याकडे बघून विचारलं.

"बाप हाय, महाराज."

"कुणाचा?"

"चित्राचा."

"हा? याचं तोंड तरी बघितलंस का?"

"बोकडाचं तोंड आम्ही बघतच न्हाई. आधी त्याची आई बघतो, मग लेकी बघतो. तोंड बघून जावई करणारी माणसं वेगळी."

राजाचे तीनही जावई खाली बघू लागले.

"बरं. शेळी कुठाय?"

म्हाळसा चित्रापाशी गेली. "हे पाय बघा. ते हिचे. डोंगरापल्याड चरून रोज परत येती. ही कास हिची. चैत्रात विहीर आटती, ही आटत न्हाई. धड या थोरलीचं. मुकी ही. आणि ओरडणारी..."

ओरडणारी ओरडली. दोन चोपदारांच्या हातातले दंड गळून पडले.

प्रधान पुढे झाले. "आणि कमी खाणारी? ती कुठं आहे?"

"व्हती एक, प्रधानजी. मागल्या साली मेली."

प्रधान आणखी काही बोलणार होते, पण त्यांच्या उपरण्याचं टोक एव्हाना एका शेळीच्या तोंडात होतं. ते ओढण्यात गुंतले.

राजाचा आवाज चढला. "बाई, मी एक शेळी मागितली होती. हा कळप आहे. एक शेळी नसेल तर बोकड मुदपाकखान्यात जाईल, आणि पहिला हाच."

म्हाळसाने दोरी घट्ट धरली. बाळ कडेवरून सरकत होतं, त्याला वर ओढून घेतलं.

"महाराज, तुम्ही साऱ्या गावांस्नी विचारलं, आणि गावांनी खरंच सांगितलं. धनगराने त्याची शेळी सांगितली, खाटकाने त्याची, माझ्यासारखीने तिची. चित्रकाराने अख्खा कळप धरला आणि एकाच कातड्यात शिवला. मी फक्त टाके उसवून आणलेत. आता सगळ्यास्नी पालखीतला एकच नवरा दिलात, तर लेकी सगळ्या बसून खाणाऱ्याच निपजतील. मग चित्र रिकामं राहील, आणि बदाम मात्र घरोघर लागतील."

राजाने चित्राकडे पाहिलं, कळपाकडे पाहिलं, मग सिंहासनामागून डोकावणाऱ्या मदनाकडे पाहिलं. आधी राजाच्या मिशा हलल्या, मग पोट हललं आणि मग तो असा हसला की मुकुट मांडीवर आला.

त्याने फर्मान फाडलं. तुकडे जमिनीला लागायच्या आत शेळ्यांनी संपवले. माळवाडीच्या शेळ्यांना उन्हाळाभर राजाचं राखीव कुरण खुलं झालं, आणि बाळाला दूध पाजायला राजवाड्यातलं चांदीचं बोंडलं मिळालं. म्हाळसाने ते पदराने पुसलं, बाळ प्रधानांच्या हाती दिलं आणि भर दरबारात शेळीखाली धार काढायला बसली.