शिखराईच्या घामवशाची कहाणी

ऐक शिखराई, तुझी कहाणी तुलाच सांगते. चुकलंमाकलं पोटात घाल. आणि बायांनो, हातात अक्षता घ्या, कुजबुज थांबवा, मागच्यांनी पुढं सरका. आजची कहाणी मोठी गमतीची आहे, सांगायची मलाच घाई झाली आहे!

आटपाट नगर होतं. नगराच्या उशाला डोंगर होता. डोंगरावर शिखराईचं देऊळ होतं. देवळाला तीनशे पायऱ्या होत्या. दर चैत्री पौर्णिमेला तळ्यावर घागर भरायची, डोक्यावर घ्यायची, तीनशे पायऱ्या चढायच्या, देवीला पहिलं स्नान घालायचं. घागर वाटेत टेकायची नाहीं. दुसरीच्या डोक्यावर द्यायची नाहीं. जिची घागर टेकली, तिच्या घराचा मान गेला. गेला तो पुन्हा येत नाहीं.

हा मान मोकाशांच्या घरचा होता. सासूनं अठ्ठावीस वर्षं घागर नेली. एकोणतिसाव्या वर्षी तिचा गुडघा गेला. पाटावरून उठायचं तर तिला धरायला दोघी लागत. मग मान सुनेकडे आला.

सुनेचं नाव मथुरा. स्वभाव मायाळू, हाताला चव अशी की शेजारीण वासावर यायची. पण अंगाला हालचाल म्हणून नाहीं. बसली की बसली. पाणी सगुणा भरी, जात्याला सगुणा बसे, अंगण सगुणा झाडी. सगुणा म्हणजे घरची कामाची बाई. मथुरा लोणच्याची बरणी काढायला माळ्यावर चढली, की वर पोचून आधी धापा टाकी, मग आपण कशाला आलों ते आठवी, मग फोडभर लोणचं चाखी, मग उतरे. हसूं नका ग, परवा माळ्यावर माझीही तीच गत झाली.

माघी अमावास्या आली. पौर्णिमेला पंचेचाळीस दिवस उरले. सासू म्हणाली, "मथुरे, भरली घागर एकदा उचलून दाखव." मथुरेनं उचलली. डोक्यावर घेतली. ओसरी उतरली, तुळशीपाशी गेली, तिथं धाप लागली, घागर खाली आली. तिथं पायऱ्या तीनशे, इथं पावलं बारा! खालच्या आळीच्या बायका कुंपणापलीकडून बघत होत्या. एक म्हणाली, "यंदा मान आमच्या आळीला येतो म्हणायचा." सगुणेकडून सासूनं घागर मागून घेतली, पदरानं पुसली, फळीवर ठेवायला लावली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मथुरेला वाटलं, सासू चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात एक म्हातारी आली. केस पांढरे, पाठ ताठ, हातात काठी नाहीं. "बाई, ताक वाढ." मथुरेनं ताक दिलं. म्हातारी गटागटा प्याली, तोंड पुसलंन्, म्हणाली, "मुली, डोळे कां सुजले?" मथुरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी सांगते तो वसा घे. पण वसा घामाचा आहे. हसशील, रडशील, अर्ध्यात बसशील." मथुरा म्हणाली, "हसेन, रडेन, बसणार नाहीं." "मग ऐक.

"पहाटे उठावं. उंबऱ्याबाहेर जाऊं नये, घरातच सतरंजी अंथरावी. पदर खोचावा. सात बैठका काढाव्या, सात जोर काढावे, सात उड्या माराव्या. मग पालथं होऊन कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग फळीसारखं तोलावं. आरतीचं एक कडवं म्हणून होईतो पोट टेकूं नये. ही झाली एक फेरी. मग पाणी प्यावं, दम खावा, दुसरी फेरी करावी. मग तिसरी. आठवडा सरला की एकेक वाढवावी."

"आजी, मला एकसुद्धा जोर यायचा नाहीं!"

"मग भिंतीला हात लावून काढ. उडी येत नसेल तर पाटावर चढ आणि उतर. कडवं पुरं होत नसेल तर अर्धं म्हण. देवी रागावत नाहीं. तू इकडे एक काढलीस की ती तिकडे एक काढते. तू बसलीस की तीही बसते." मथुरा भांडं उचलायला वाकली. वर बघते तो म्हातारी नाहीं!

मथुरेला हर्ष झाला, केवढा हर्ष झाला! मनात म्हणाली, लक्ष बेल लोक एका दिवसात वाहतात, मग हा वसा एका दिवसात कां होणार नाहीं? पदर खोचला. शंभर बैठका काढल्यान्. भिंतीवर शंभर जोर काढलेन्. पाटावर शंभरदा चढली, शंभरदा उतरली. सगुणेनं हात जोडले, "बाई, पुरे." मथुरा ऐकते कुठली! दुपारी पुरणपोळी जेवली आणि म्हणाली, "झाला माझा वसा."

सकाळी उठूं गेली, तो उठवेना. हसली तर पोट दुखे. शिंकली तर पाठ दुखे. सगुणा वेणी घालूं लागली तर दंड दुखे. जिना उतरायचा तर उलटी उतरे, रांगत्या पोरासारखी. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी म्हातारी आली. ताक प्याली. मथुरेची चाल बघून खो खो हसली. "अग, पंचेचाळीस दिवसांचं जेवण एका पानात वाढून घेतलंस? हा वसा एका दिवसात संपवूं नये." हसतच निघून गेली.

मग मथुरा घाबरली. पुन्हा त्या मांड्या नकोत ग बाई! मग तिनं विचार केला. घरी अभिषेक असला की संकल्प आपण सोडतों, मंत्र गुरुजी म्हणतात, पुण्य आपल्याला लागतं. इथंही तसंच. सगुणेला बोलावलं. तिच्या हातावर पळीभर पाणी सोडलं. "माझ्या वतीनं हा वसा तू कर." सगुणा म्हणाली, "मला घरात काम कमी पडलंय होय?" पण बाईचं मन मोडवेना. पहाटे सगुणा बैठका काढी, मथुरा चौरंगावर बसून बैठकेगणिक एक मूग वाटीत टाकी. सगुणा जोर काढी, मथुरा मूग मोजी. सगुणा घामानं निथळे, आणि मोजून मोजून मथुरा दमे! रोज वर तूपखिचडी दोघी खात.

असे अकरा दिवस गेले. होळी आली. सासू म्हणाली, "बघूं, उचल घागर." मथुरेनं घागर घेतली, ऐटीत निघाली. तुळशीपाशी गेली, धाप लागली, घागर टेकली. तेवढ्यात विहिरीवरून सगुणा आली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, तोंडानं गाणं गुणगुणत अंगण ओलांडून गेली. सासू एकदा सगुणेकडे बघे, एकदा मथुरेकडे बघे.

दारात म्हातारी उभी. मथुरा रडकुंडीला आली. "आजी, तुमचा वसा फळला नाहीं." "फळला की! ती बघ, फळ घेऊन चालली. अग, घाम जिचा, फळ तिचं. हा वसा दुसरीकडून करवूं नये." मग सगुणाच म्हणाली, "बाई, मी आता हे सोडायची नाहीं. जातं कसं हलकं लागतं! उद्यापासून दोघी करूं. तुम्ही थांबलात तर मी थांबेन, पण पळून जाऊं द्यायची नाहीं."

दुसऱ्या दिवशी दोन सतरंज्या अंथरल्या. मथुरेनं सात बैठका काढल्या, सातवीला कण्हली. भिंतीवर सात जोर काढले, पाचव्याला नाक भिंतीला लागलं. पाटावर सातदा चढली. कोपरांवर अंग तोललं, कडव्याची पहिली ओळ म्हटली, दुसरीला धप्पकन पडली. सगुणा म्हणाली, "ओळभर झालं, उद्या दोन ओळी." उद्या दोन ओळी झाल्या! चार दिवसांनी अर्धं कडवं झालं! आठवडा सरला, सातच्या आठ झाल्या. मांड्या दुखत, पण जिना सरळ उतरे. भूक कडकडून लागे, झोप गाढ येई.

आणि एका पहाटे काय झालं! मथुरेनं भिंत सोडली. हात जमिनीवर टेकले. छाती खाली गेली, सतरंजीला लागायला आली, हात थरथरले, आणि अंग वर आलं! जमिनीवरचा पहिला जोर! मथुरेनं अशी आरोळी ठोकली की सासू भिंत धरधरून आली. "काय ग, काय झालं?" "सासूबाई, जोर निघाला!" "ओरडतेस केवढ्यानं! मला वाटलं साप निघाला." मग भिंतीला टेकली आणि म्हणाली, "पुन्हा काढ. मला दिसला नाहीं." मथुरेनं पुन्हा काढला. त्या दिवसापासून मूग मोजायला सासू बसूं लागली.

पुढं पाडवा आला. नणंद आली, भाचरं आली, श्रीखंडपुरी झाली. पहिल्या दिवशी स्वयंपाकात वसा राहिला. दुसऱ्या दिवशी गप्पांत राहिला. तिसऱ्या दिवशी आळसात राहिला. चौथ्या दिवशी पाहुणे गेले आणि मथुरा रडत बसली. उपास कसा, तोंडात दाणा गेला की मोडला. तसा माझा वसा मोडला. आता पुढच्या माघात नव्यानं घ्यायचा. सतरंजी गुंडाळली, माळ्यावर टाकली. सगुणेनं विनवलं, ऐकलं नाहीं. सासूनं मुगाची वाटी पुढं केली, बघितलं नाहीं.

म्हातारी आली. आज ताकही मागितलं नाहीं. "आजी, माझा वसा मोडला."

"मोडला? फुटायला वसा म्हणजे घागर आहे होय? तीन दिवसांत दंड गळून पडले? मांड्या माहेरी गेल्या? तिकडे ती देवीसुद्धा तीन दिवस बसून आहे, तिचं अंग आंबलंय! हा वसा चुकला म्हणून सोडूं नये. बसलीस ना? मग बसली तिथून उठ."

मथुरेनं डोळे पुसले. माळ्यावर गेली, सतरंजी काढली, खाली आली, अंथरली. आणि एकदम ओरडली, "सगुणे! अग, मी माळ्यावर जाऊन आलें!" "मग?" "मला धाप नाहीं! लोणचंसुद्धा विसरलें!" सासू, सून आणि सगुणा, तिघी हसहसून थकल्या. मग फेऱ्या सुरू झाल्या. उरलेल्या दिवसांत एकही पहाट चुकली नाहीं.

चैत्री पौर्णिमा उजाडली. हलगी वाजूं लागली. तळ्यावर घागर भरली. सासूनं स्वतःच्या हातानं मथुरेच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर ठेवली. म्हणाली, "सावकाश जा." ती खालीच एका दगडावर बसून राहिली. सगुणा मथुरेच्या मागं निघाली. खालची आळी झाडून हजर होती, पंच पुढं होते.

पहिल्या शंभर पायऱ्या हां हां म्हणता झाल्या. दुसऱ्या शंभरांत मांड्या पेटल्या. मथुरा मनात म्हणाली, ही दुसरी फेरी. तिसऱ्या शंभरांत घाम डोळ्यांत गेला. मथुरा म्हणाली, ही तिसरी. पायऱ्या अठरा उरल्या. तिथं कुणी नारळ फोडला होता, पाणी सांडलं होतं. मथुरेचा पाय घसरला! गुडघे वाकले, कंबर खाली गेली, आणखी खाली गेली. हलगी थांबली. खालची आळी ओरडली, "टेकली! मान गेला!" पंचांनी थांबा म्हणून हात वर केला.

मथुरा टाचांवर बसलेली. दोन्ही हात घागरीला. घागर डोक्यावर. पाण्याचा थेंब सांडला नव्हता, पण अंगात उठायचं बळ आहे की नाहीं, तिलाच कळेना. तेवढ्यात मागून सगुणा म्हणाली, "बाई, ही तर नुसती बैठक आहे. उठा!"

खरंच की! बैठकच ती! अशा किती काढल्या, सासूच्या वाटीतल्या मुगांना ठाऊक. मथुरेनं श्वास घेतला, टाचा रोवल्या, आणि सरळ उभी राहिली! हलगी अशी कडाडली की डोंगर घुमला. उरलेल्या अठरा पायऱ्या मथुरा कशी चढली, तिला आठवत नाहीं. खालच्या आळीच्या बायकासुद्धा मागून टाळ्या पिटत होत्या.

गाभाऱ्यात गेली. घागर उतरवली, स्नानाला ओतणार, तो थबकली. पाणी पडायच्या आधीच शिखराईच्या कपाळावर घामाचे थेंब! आणि पदर कमरेला खोचलेला! पुजारी म्हणाला, "नवल आहे. आत्ताच तर कोरडी पुसली होती." मथुरा हसूं लागली, रडूं लागली. "आजी," म्हणाली, "दमलात हो माझ्यापायी." आणि घागर देवीच्या डोक्यावर रिती केली.

घरी आली. सासूनं घागर मागून घेतली, पदरानं पुसली. या खेपेला भिंतीकडे तोंड केलं नाहीं. सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं नेली, पण बसून उठून कधी नेली नाहीं हो." शेजारणी आल्या, म्हणाल्या, "आता वशाचं उद्यापन कधी?" मथुरा म्हणाली, "या वशाला उद्यापन नाहीं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मथुरा सतरंजी अंथरायला गेली, तो सतरंजी आधीच अंथरलेली! त्यावर पाट, पाटावर सासू, पदर खोचलेला. मुगाची वाटी सुनेच्या हातात देऊन म्हणाली, "आता तू मोज." मथुरेनं एक हात धरला, सगुणेनं दुसरा. सासू अर्धी उठली, बसली. मथुरेनं एक मूग टाकला. वैशाखात हात धरायला दोघींच्या जागी एकच पुरूं लागली. आणि आषाढातल्या एका पहाटे मथुरा हात द्यायला पुढं झाली, तर सासू म्हणाली, "लांब हो." दात आवळले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि आपली आपण उठून उभी राहिली. मथुरेच्या हातून मुगाची वाटी पडली, घरभर मूग झाले.

जशी शिखराई मथुरेला पावली, सगुणेला पावली, सासूच्या गुडघ्याला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणी एका दिवसात संपवूं नये, कुणी दुसरीकडून करवूं नये, कुणी चुकला म्हणून सोडूं नये. ही साठां बैठकांची कहाणी पांचां श्वासांत सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा. आणि बायांनो, बसल्यात ना? मग खोचा पदर, बसल्यात तिथून उठा!