टिटवीसाठी खोपा

नदीकाठी माणसांची वस्ती व्हायच्या आधीची ही गोष्ट. टिटवीची अंडी गेल्या वर्षी रानम्हशींच्या पायांखाली गेली होती. यंदा तिने सुगरणीकडे घर मागितलं. सुगरणीने बाभळीला आपल्या घरासारखाच सुबक खोपा टांगून दिला.

टिटवीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. अंडी घालायची वेळ आली, पण तिच्या पायांना फांदी धरता येईना. ती पुन्हापुन्हा वर उडायची आणि घसरून खाली यायची.

"अगं, जरा शीक की! माझी पिल्लंसुद्धा राहतात यात," सुगरण म्हणाली.

"माझी जन्मल्याबरोबर चालायला लागतात, बाई. तिथून कुठं चालतील?"

शेवटी टिटवीने वाळूतच अंडी घातली. सुगरण रागाने खाली उतरली. "कुठायत गं अंडी?"

"पाय उचल! तुझ्या नखाशीच आहेत."

सुगरण दचकली. अंडी अगदी वाळूतल्या खड्यांसारखी होती. पाय जपून मागे घेत तिने विचारलं, "तुला भीती नक्की कशाची वाटते?"

"खुरांची."

सुगरणीने खोपा तसाच सोडला आणि बाभळीच्या काटक्या आणून अंड्यांभोवती रचल्या. संध्याकाळी म्हशी पाण्यावर आल्या, काट्यांपाशी फुरफुरल्या आणि वळसा घालून गेल्या.

मग कुठे टिटवी पाय दुमडून बसली.