हाळीची चौथी ओळ

फार फार मागची गोष्ट. तेव्हा नद्यांना नावं नव्हती, लोक नुसतं ‘नदी’ म्हणत. अशाच एका नदीकाठच्या गावात हौसा नावाच्या मुलीला एक बारीकशी गोष्ट खटकली. हाळी गाताना चौथी ओळ आली, की सगळ्या बायका नदीकडे पाठ फिरवायच्या आणि तोंडावर पदर धरून, आवाज जाड करून गायच्या.

हाळी म्हणजे त्या गावचं गाणं. सुगी संपली, की दिवेलागणीला बायका घाटावर जमत आणि नदीकडे तोंड करून गात:

नदी आडवी, वारा उभा,
दिवा लावला, दार उघडं,
पलीकडच्या गं, जागी का?

मग गर्रकन वळून, पदराआडून: जागी गं जागी, ऐकते मी.

हौसा मोठी भित्री. भांडं पडलं तरी दचकायची. तरी एके दिवशी तिनं म्होरकीला, म्हणजे भागाआत्याला, विचारलंच. “आत्या, चौथ्या ओळीला पाठ का गं फिरवायची?”

“रीत आहे.”

“पण का?”

“नाही फिरवली तर नदीला आत्याचे पडलेले दात दिसतील!” एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

हौसा हसली नाही. हौसाचं दुखणं निराळंच होतं. ती वर्षाची असताना तिची आई होडीनं पलीकडे माहेरी गेली, आणि त्याच आठवड्यात पूर आला. होडी वाहून गेली. नदीनं पात्र बदललं, तिप्पट रुंद झाली आणि मधे अशी धार लागली, की पुन्हा कुणी पलीकडे गेलं नाही. आई आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी हौसाला वाटायचं, पदराआडून येणारा तो जाड आवाज आईचाच. एकदा तिनं धावत जाऊन पदर ओढला. आत शेजारची काकू निघाली.

दुसऱ्या दिवशी आत्या एकटी भेटली, तशी हौसानं पुन्हा विचारलं. या वेळी आत्या हसली नाही.

“पुराआधी चौथी ओळ पलीकडच्या बायका म्हणायच्या,” ती म्हणाली. “पुराच्या साली आम्ही म्हटलं, येईल उत्तर. दुसऱ्या सालीही वाट बघितली. तिसऱ्या साली ती शांतता ऐकवेना गं. मग मीच पाठ फिरवली आणि म्हटली. पोरींच्या जिवात जीव आला.”

“आत्या, यंदा चौथी ओळ मोकळी सोडू या.”

“खुळी का तू? आणि नाही आलं उत्तर, तर? आज तुला ठाऊक नाही, म्हणून आस तरी आहे. उद्या तीही जाईल.”

हौसालाही नेमकी हीच भीती होती. चार दिवस तिला घास गोड लागला नाही. पण पाचव्या दिवशी ती आत्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “असू दे. पहिला सूर मी उचलते.”

घाटावर बायका जमल्या. हाळीचे नियम दोनच: सूर बदलायचा नाही, आणि तिसरी ओळ मधे तुटू द्यायची नाही. हौसानं दोन्ही पाळले. ‘जागी का’चा शेवट पहिला सूर उचलणारी एकटीच धरायची; तो तिनं छाती रिती होईपर्यंत धरला.

पलीकडे काही नाही. मागे पावलं वाजली. बायका पाठ फिरवू लागल्या.

“थांबा!” हौसा ओरडली आणि आपल्याच आवाजानं दचकली. “नदी तिप्पट झाली, आणि आपला दम तेवढाच राहिला! हाळी मधेच बुडत असेल. आत्या, ओळ तुटायची नाही, एवढंच ना? पण दम एकीचाच हवा, असं कुठं आहे?”

“असं कधी कुणी गायलं नाही, बाई,” आत्या पुटपुटली.

हौसानं पुन्हा सुरुवात केली. नदी, वारा, दिवा, दार. ‘जागी का’चा शेवटचा सूर धरला. दम संपत आला, तशी तिनं आत्याचं मनगट घट्ट पकडलं. तिचा आवाज फाटणार, तेवढ्यात आत्यानं तोच सूर उचलला. आत्याकडून काकूनं. काकूकडून पुढचीनं. सूर घाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला, कुठेही न तुटता.

मग त्या थांबल्या. कुणी पाठ फिरवली नाही.

कुणाची तरी बांगडी किणकिणली. आत्यानं डोळे मिटून घेतले. पाणी वाहत राहिलं. हौसाला वाटलं, आता हेच, एवढंच उत्तर.

आणि पलीकडून, बारीक, घोगरा, या गावात कधीच न गायलेल्या चालीत एक आवाज आला. “जागी गं जागी, ऐकते मी…”

मग तो आवाज चाल सोडून, एखादी बाई अंगणातून विचारते तसा म्हणाला, “कुणाची गं तू?”

तात्पर्य: रीत ज्याच्यापर्यंत पोचावी म्हणून घातली, त्याच्यापर्यंत ती पोचेतो ताणावी, हेच तिला खरं जपणं.