काटकुळ्याची मिशी

तंबाखूच्या पानांवर माणसाचा विळा अजून फिरला नव्हता, त्या काळची गोष्ट. एका रोपावर काटकुळा नावाचा किडा राहत असे. अंग दोऱ्याएवढं, पाय मात्र काठ्यांवर चढल्यासारखे उंच. तो दिसला की "डास आला" म्हणत सगळे पळ काढत. आपण डास नाही हे सांगायला तो जवळ जाई, तोवर पान रिकामं झालेलं असे. एकदा तो डासांकडेच गेला. ते म्हणाले, "गुणगुणून दाखव." त्याला गुणगुणता येत नव्हतं. तेव्हापासून तो कुणाशी बोलेनासाच झाला.

एका दुपारी मुंगीमावशी वाट चुकली आणि पानावरच्या चिकट लवेत रुतून बसली. बाकीच्या मुंग्या देठावर उभ्या राहून हळहळत होत्या. पुढे गेलं तर आपणही अडकू, हे त्यांना ठाऊक होतं. लवेच्या वरून चालता येईल इतके उंच पाय एकट्या काटकुळ्याचे होते. तो गेला, त्याने एक पाय खाली धरला आणि मावशी त्याला बिलगून बाहेर आली.

मुंग्यांच्या रिवाजाप्रमाणे तिने त्याच्या मिशीला मिशी लावली. मग म्हणाली, "मिशीच्या टोकाला गाठ आहे. गुडघ्यालाही आहे. डासाला अशा गाठी नसतात. तू डास नव्हेस रे."

"मग मी कोण, मावशी?"

"ते मला कुठून ठाऊक असणार? इतकी वर्षं शेजारी राहून मिशी आजच लावली."

मावशी घाईने वारुळाकडे गेली. मागून रांगेतल्या मुंग्या आपसात बोलत चालल्या होत्या, "डास असून भला निघाला हो."

काटकुळा मिशी पुढे करून तसाच उभा होता.