राजाच्या हत्तीने निवडलेलं कलिंगड

"वाडीतलं सगळ्यांत गोड कलिंगड आत्ताच्या आत्ता दाखव! नाहीतर उद्यापासून ही वाळू माझी!" रत्नधवल राजा गरजला.

त्याच्या दाढीतून रस ठिबकत होता. बारा कलिंगडं फस्त झाली होती, तेरावं जरा फिकं निघालं आणि स्वारीचं बिनसलं. राजाच तो, त्याच्या हट्टाला औषध नाही!

समोर उभी होती कोंडिबा माळ्याची लेक हौसा. नदीच्या वाळूतल्या या वाडीवरच बापलेकीचं पोट होतं. उन्हाळा सरत आला होता आणि आज तोडणीचा शेवटचा दिवस. रिवाज असा की या दिवशी येईल त्याने पोटभर खावं, घरी मात्र फोडही नेऊ नये. मग काय, सारा गाव वाळूत फतकल मारून बसला होता! कुणी कुरकुर काकड्या चावत होतं, कुणी खरबुजात नाकापर्यंत बुडालं होतं. प्रधानजींच्या मिशीत तर बिया अडकल्या होत्या.

"दावते की! टिचकी मारली की कळतंय," हौसा म्हणाली.

"टिचकी मारायची नाही!"

"मग वास घिऊन..."

"हुंगायचंही नाही! कापायचं नाही, चाखायचं नाही, आणि दुसऱ्या कुणा माणसाला विचारायचंही नाही!"

कोंडिबाने कपाळाला हात लावला. "पोरी, गेली बघ आपली वाडी!"

तेवढ्यात हौसाची नजर काठावर गेली. तिथे राजाचा हत्ती वेलांकडे बघत अधीरपणे सोंड हलवत होता. पोरीचा चेहरा एकदम खुलला.

"माहूतदादा, साखळी सोडा!"

हत्ती वाडीत घुसला. लोक हातातल्या फोडी सांभाळत पळाले, प्रधानजी वेलात पाय अडकून उताणे पडले! हत्तीने एक कलिंगड हुंगून सोडलं, दुसरं लोटून दिलं. असं करत करत कोपऱ्यातलं एक वेडंवाकडं, मातकट कलिंगड त्याने उचललं आणि सोंडेत घट्ट धरलं. माहूत ओरडला तरी सोडीना.

"त्येच!" हौसाने टाळी वाजवली. "म्या हातबी लावला न्हाई, म्हाराज!"

"ह्यॅ! हत्तीला काय अक्कल? त्याने उचललं म्हणून ते सगळ्यांत चांगलं कसं?"

हौसाने हात जोडले. "म्हाराज, मागलं राजं वारस न ठेवता गेलं, तवा ह्योच हत्ती सोंडंत माळ घिऊन गावभर फिरला. हजार मानसं सोडली आन माळ तुमच्याच गळ्यात घातली. तवा त्याची निवड समद्यांनी मानली. आता ती चुकली म्हनायची का?"

राजा तरातरा हत्तीकडे गेला. तेवढ्यात हत्तीने कलिंगड तोंडात टाकून कडाडकन फोडलं आणि लालभडक रस राजाच्या अंगावर उडाला!

राजा हसत सुटला. हसता हसता त्याचा फेटा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. "नाही ग बाई! या हत्तीची निवड चुकते असं म्हणायची माझी छाती नाही!"

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि ती सगळी वाळू, नदीच्या या वळणापासून त्या वळणापर्यंत, बापलेकीच्या नावे कायमची करून टाकली.