लोणीची पेटी आणि अर्धी गोधडी

ऐका तर! एका गावाच्या टोकाला पत्र्याच्या झोपडीत रुखी नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर राहायची. आई फुलं विकायची, आणि मायलेकींना पांघरायला एकच गोधडी होती. थंडीत वारा फटीफटींतून आत यायचा, तेव्हा शेजारच्या सरूमावशींची लोणी पळत येऊन रुखीच्या पायांशी झोपायची. लोणी म्हणजे लोण्याच्या रंगाची, गुलाबी नाकाची, भारी नखरेल मांजर.

एकट्या सरूमावशी आता सातासमुद्रापलीकडे लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. लोणीलाही बरोबर न्यायचं म्हणून तिला सुई टोचून झाली, कागदांवर शिक्के बसले. पण प्रवासाची पेटी दिसली, की बाईसाहेब शेपूट फुगवून पेरूच्या झाडावर!

"पेटीत बसली नाही, तर तिला इथंच ठेवावं लागेल गं रुखे," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "लेक दिवसभर कामावर. परक्या देशात मी बोलू तरी कुणाशी?"

लोणी गेली तर आपल्याला रडू, राहिली तर मावशींना! रुखी मावशींच्या बागेत जाऊन गुलबक्षीखाली रडत बसली. तिचा एक टपोरा अश्रू नुकत्याच उमललेल्या फुलात पडला.

"माझ्या घरात पाणी कोण ओततंय?" फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. केशरी पंख, जांभळा झगा, केसांत चमचमते दवबिंदू! रुखीचा रडवेला चेहरा पाहून ती विरघळली. "एक मागणं माग, बाळ. फक्त वस्तू माग हं. कुणाच्या मनावर माझी कांडी चालत नाही."

'पेटी नाहीशी कर,' असं रुखीच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग लोणी कायमची तिचीच! पण तिला मावशींचे ओले डोळे आठवले, आणि तिने ते शब्द गिळले.

"पेटीत घालायला जगातली सगळ्यात मऊ गादी दे," ती म्हणाली.

झुळझुळ निळी, चंदेरी गोंड्यांची गादी आली. लोणीने ती हुंगली, फटकन शिंकली आणि पुन्हा पेरूवर जाऊन बसली. मागणंही संपलं!

रुखी विचारात पडली. लोणीला गाढ झोप लागते कुठे? आपल्या गोधडीवरच की! गोधडी अर्धी कापू का, असं तिने आईला विचारलं.

"काप," आई म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हणतात. आपण थोडे आणखी आखडून घेऊ."

अर्धी गोधडी पेटीत अंथरली. लोणी खाली उतरली. तिने वास घेतला, दोनदा गोल फिरली आणि चक्क घोरायला लागली. मावशींनी रुखीला पोटाशी धरलं. दोघीही खूप रडल्या, आणि त्याच रात्री पेटी घेऊन मावशी विमानाने निघाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या अर्ध्या गोधडीत रुखी कुडकुडत बसली होती. तिला लोणीची फार फार आठवण येत होती. इतक्यात केशरी पंख भिरभिरत आत आले.

"माझं मागणं तर संपलं ना?" रुखीने विचारलं.

"तुझं मागणं संपलं, राणी. हे माझ्याकडून," परी हसली. तिने गोधडीच्या कापलेल्या कडेवरून कांडी फिरवली. सोनेरी उजेडाचा एक धागा तिथून निघाला आणि दारातून दूर समुद्राकडे गेला. झोपडी सोन्यासारखी उजळली, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

रुखीच्या पायांशी गोधडी हळूहळू उबदार झाली. मग तिच्यातून आवाज आला, गुर्र... गुर्र... गुर्र...

रुखी आनंदाने ओरडली, "आई, लोणी पोचली बरं का!"